जावयाची अंगठी

“जरासक बसू द्या,” असं आमचे हेडमास्तर कशालाही म्हणत. घागरीत गढूळ पाणी आलं तरी हेच, दोन मास्तरांचं भांडण पुढं आलं तरी हेच. एकदा दिपोटीसाहेब शाळा तपासायला आले आणि चढ्या आवाजात बोलू लागले, तेव्हाही ते हेच म्हणाले. साहेबांना वाटलं, आपल्यालाच खुर्ची देताहेत. ते बसले आणि आवाजही बसला.

वऱ्हाड-मध्यप्रांताच्या काळातली ही लोणारची गोष्ट. मी त्यांच्या हाताखाली मास्तर होतो, आणि राहायलाही शेजारीच.

त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न चिखलीला ठरलं. मुलगा तिथल्या कापसाच्या जिनात कारकून. सगळी बोलणी त्याच्या काकांशी झाली होती. मुलाला हेडमास्तरांनी एकदाच, जिनाच्या फाटकात उभ्या-उभ्या पाहिलेलं. जावयाला अंगठी करायची म्हणून बोटाचं माप मागवलं. बोटाला दोरा गुंडाळून, गाठ मारून पाठवायचा, इतकं सोपं काम. पण काकांकडून दोरा काही येईना.

“पोरालेच दुकानात बोलावतो,” हेडमास्तर म्हणाले. “घालणार तो, तर निवडू द्या त्याले.”

तेव्हा असं कोणी करत नसे. त्यांच्या पत्नीला ते मुळीच रुचलं नाही. तरी आम्ही दोघं सर्व्हिस मोटारीनं चिखलीला गेलो.

मुलगा सराफाकडं वेळेवर आला. उंच, शांत, उजवा हात कोटाच्या खिशात. सराफानं अंगठ्या मांडल्या तसा त्यानं डावा हात पुढं केला.

“जावईबापू, उजवा द्या,” सराफ हसून म्हणाला.

मुलानं हेडमास्तरांकडं पाहिलं आणि हात बाहेर काढला. करंगळीशेजारचं बोट मुळापासून नव्हतं.

“काकानं सांगतलं नाही काय तुम्हाले?” त्याचा चेहरा उतरला. “मी त्यायले सांगा म्हटलं होतं.”

हेडमास्तर गादीवर टेकले. “जरासक बसू द्या,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच ते वाक्य त्यांनी स्वतःसाठी वापरलं असं मला वाटलं. मग त्यांनी सगळ्यांना चहा मागवला. अंगठी न घेता आम्ही परतलो.

घरी रडारड झाली. लग्न मोडा, काकांना जाब विचारा, असं नातेवाईक म्हणू लागले. हेडमास्तरांनी मुलीला अंगणात बोलावलं आणि घडलं ते सगळं सांगितलं. तिला आजवर या लग्नाबद्दल कोणी काही विचारलंच नव्हतं.

तिनं एवढंच विचारलं, “त्यायनं सोता हात दाखवला का तुम्ही पाह्यला?”

“त्यानंच दाखवला.”

“मंग झालं, बाबा.”

आम्ही पुन्हा चिखलीला गेलो. मुलानं बिनखड्याची, साधी अंगठी निवडली. म्हणाला, “डाव्या हातात घालतो. मांडवात लोक पाहतीन.”

“उजव्याच हातात घाला. मधल्या बोटात,” हेडमास्तर म्हणाले. “एकदा पाहतीन. मंग कोणी पाहत नाही.”

मांडवात लोकांनी पाहिलंच. बायका कुजबुजल्या, भटजीही क्षणभर अडखळले. हेडमास्तरांनी जावयाचा हात सगळ्यांसमोर आपल्या हातात धरला आणि सावकाश, घाई न करता अंगठी चढवली. पंगती बसल्या तेव्हा लोक वरणाच्या चवीबद्दल बोलत होते.

पुढं काही वर्षांनी हेडमास्तर तापानं गेले. तेरवीच्या दुपारी जावई माझ्या ओट्यावर येऊन बसला.

“गुरुजी, बोट कसं गेलं ते मामांजींनी मले कधीच विचारलं नाही,” तो म्हणाला. “तुम्हाले काही बोलले होते काय?”

“नाही.”

“लोकायले वाटते, काम करताना गेलं. तसं नाही ते. दोस्तासंग पैज लावली होती, चालत्या मशीनीत हात घालून दाखवतो म्हणून. निव्वळ मूर्खपणा. त्यायनं एकदा विचारलं असतं, तर सांगून मोकळा झालो असतो. दर दिवाळीले वाटे, आज विचारतीन.”

“मला सांगा,” मी म्हटलं.

त्यानं पहिल्यापासून सारं सांगितलं. मी ऐकत राहिलो. मध्येच तो थांबे आणि शेजारच्या हेडमास्तरांच्या दाराकडं बघे. ऐकायला हवा होता तो माणूस मी नव्हे, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. तरी त्यानं शेवटपर्यंत सांगितलं.