बाळ गेलं

"अक्का, अकराचं दूध आलं नाही," सिस्टर म्हणाली आणि मी घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा.

मी कुंभकोणमच्या एका इस्पितळात एनआयसीयूची काउन्सेलर आहे. अपुऱ्या दिवसांची, नाजूक बाळं तिथं ठेवतात. त्यांच्या आईबापांशी बोलणं हे माझं काम. बोलण्याचाच पगार घेते, म्हणून पुढचं सांगताना लाज वाटते.

कावेरीचं बाळ आठव्या महिन्यात झालेलं. दीड किलोचं. सीपॅपवर, म्हणजे नाकातून दाबानं हवा देणाऱ्या मशीनवर होतं. कावेरीचं सिझेरियन, त्यामुळे ती खालच्या वॉर्डात. दर तीन तासांनी दूध काढून वर पाठवायची. चार दिवसांत एकदाही चुकली नव्हती.

त्या सकाळी डॉक्टरांना बाळाच्या हृदयात वेगळा आवाज ऐकू आला. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तातडीनं हवी होती. ती करणारे डॉक्टर तंजावरला. साडेआठला बाळाला घेऊन ॲम्ब्युलन्स निघाली, सोबत त्याचा बाप मुरली.

"आईला नीट सांग," डॉक्टर म्हणाले.

"सांगते सर. आपलीच माणसं आहेत."

आपली म्हणजे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इकडेच राहिलेली. तिरुनागेश्वरमचे राव. इतरांशी मी तमिळमध्ये बोलते, शब्द तोलून, ट्रेनिंगमध्ये शिकवल्याप्रमाणे. मराठी म्हटलं की घरातल्यासारखी जीभ सैल सुटते. मी खाली कावेरीजवळ बसलेल्या तिच्या सासूला, सोनाबाईंना, फोन लावला. म्हणाले, "सोनाबाई, बाळ गेलं. मुरली संगती आहे, तंजावरला..."

फोन कट. मला वाटलं, समजलं. तेवढ्यात नवी ॲडमिशन आली आणि मी तिकडे पळाले.

साडेअकराला खाली गेले तर पडद्याआड मल्लीचा, म्हणजे मोगऱ्याचा, वास. कावेरी भिंतीकडे तोंड करून पडलेली. केसांत फूल नव्हतं. गजरे ब्लाऊजच्या आत, छातीवर घट्ट बांधलेले. आमच्याकडे मूल गेलं की दूध आटायला असे गजरे बांधतात.

"अहो सोनाबाई, हे काय?"

"तूच सांगितलंस ना, गेलं म्हणून?" त्या पदरात तोंड कोंबून कुजबुजल्या. भोवती बाळंतिणी होत्या, त्यांच्यापुढं रडायचं नाही म्हणून ती बाई तीन तास गप्प बसली होती. मुरलीला फोन करायचाही धीर झाला नव्हता.

"अगं बाई! इकोला गेलंय! जिवंत आहे!"

कावेरी वळली. "मग दाखव."

मुरलीला फोन लावला. नुसती रिंग. पुन्हा लावला. ड्रायव्हरचा बंद. आता मीच घाबरले. रस्त्यात काही झालं असेल तर? माझंच बोलणं खरं ठरलं तर? देवाशपथ, तेवढी भीती मला नोकरीत कधी वाटली नव्हती. कावेरी माझ्या हातातल्या फोनकडे बघत होती.

सातव्या वेळी मुरलीनं उचलला. "अक्का, आत फोन बंद ठेवायला सांगितलं होतं. हृदयाजवळची एक बारकी नळी उघडी राहिलीय, औषधानं मिटेल म्हणाले."

"व्हिडिओ लाव, आधी व्हिडिओ लाव!"

फोनच्या पडद्यावर नाकाला चिकटपट्ट्या लावलेलं एवढंसं तोंड. मग एक पाय हलला. कावेरीनं गजरे ओढून तोडले आणि हंबरडा फोडला. सोनाबाईंनी आधी मला मनसोक्त शिव्या दिल्या, मग रडल्या. शिव्या मी ऐकून घेतल्या, रास्तच होत्या.

दुपारी कावेरीला दूध काढायचा पंप लावला. थेंब येईना. दोन दिवस आम्ही दोघी त्या बाटलीकडे बघत बसलो. तिसऱ्या दिवशी दूध पुन्हा वर गेलं.

तेव्हापासून नव्या मुलींना सांगते, लिफ्ट गेली म्हणा, करंट गेला म्हणा. बाळ गेलं म्हणायचं नाही. बाळ नेलंय, अमुक वाजता आणतोय, असं म्हणायचं.

महिन्यानं डिस्चार्ज झाला. आपल्यात निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. सोनाबाई बाळाला घेऊन दारात थांबल्या, माझ्याकडे रोखून पाहिलं.

"जातो गं," त्या म्हणाल्या. "येतो म्हणणार नाही. इथं पुन्हा कोण येतंय?"

"जा," मी म्हटलं.