मागच्या सीटवरचे मामाजी

आमच्या हँगरमध्ये चार सीटचं छोटं विमान तयार होतंय, शिकाऊ पायलटांना शिकवायला आणि हिंडायला. त्याच्या वजनाचा हिशेब बघणारा आमच्यातला एक गृहस्थ समोरच्याला नाव विचारायच्या आधीच नजरेनं तोलतो. तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर मी दुसरी प्लेट मागितली की म्हणतो, "खा न गा. पण मंग स्कूटरवर मागं नको बसू, पुढचं चाक वर होईन."

चाचणीच्या उड्डाणात मागच्या सीटांवर माणसांऐवजी वाळूची पोती बसवतात. हा त्यांना पट्टा बांधताना अदबीनं म्हणतो, "बसा मामाजी, आरामात."

परवा अशाच उड्डाणाच्या आधी आमचे धिप्पाड मालक फोटोवाले घेऊन आले आणि एक पोतं उतरवून स्वतःच उडायला तिथं बसले. त्यांना उतरा म्हणायची कोणाची छाती होईना. हा मात्र नळी आणि कॅन घेऊन पंखातल्या टाकीतलं पेट्रोल काढू लागला.

"हे काय चाललंय?" मालक ओरडले.

"वजन जास्त होऊन राहिलं, साहेब. जायापुरतं पेट्रोल ठेवतो. वापस यायचं मंग पाहू."

मालक उतरले. यानं पोतं परत जागेवर बसवलं, पट्टा आवळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माफ करा मामाजी, तुमाले उगाच उठवलं."