जाळ्याच्या गाठी

"मावशी, करून दाखवा की," एक बाई म्हणाली. आईनं दाखवलं. हातात पान न्हाय, तंबाखू न्हाय, नुसती बोटं हवेत फिरवली आणि तोंडानं "नमो मरिया" म्हटलं. हॉल हसला. एकानं मोबाईलवर घेतलं. आईबी हसली, सगळी हसत्यात म्हणून.

बेळगावात सरांच्या पुस्तकाचं छपाईआधीचं वाचन होतं. डेन्मार्कच्या तीन ऐतिहासिक कादंबऱ्या, सरांनी इंग्रजीवरनं मराठीत आणलेल्या. टायपिंग माझं, सहा महिन्यांचं. तिन्हीत कॅथलिक तीनच तऱ्हेचा. ढेरपोट्या साधू, लबाड बिशप, न्हायतर माळ ओढणारी खुळी म्हातारी. ज्याला डोकं हाय, तो शेवटच्या पानापर्यंत धर्म सोडतो. मी कॅथलिक. तरी टायपताना चार ठिकाणी हसलो. आता त्याची किळस येत्या.

मधी एकदा सरांनी विचारलेलं, "तुमच्यात बायका माळ कशी जपतात रे?" मला लई बरं वाटलं. आमचं कोण विचारतंय? सांगून टाकलं. आई निपाणीत जन्मभर विड्या वळत्या. हात मोकळे न्हाईत, माळ कशी धरणार? म्हणून एका विडीला एक नमो मरिया, माळेच्या एका मण्यागत.

सरांनी ते शेवटच्या प्रतीत पेनानं घुसडलं. डेन्मार्कची म्हातारी मासळीचं जाळं विणते, गाठीगाठीला प्रार्थना पुटपुटते, 'आणि देवालाही फुकटात फसवते.' हे माईकवर वाचलं आणि माझ्या शेजारी बसलेल्या आईकडं बोट केलं. "ही बाई खरी आहे बरं का. आमच्या टायपिस्टच्या मातोश्री." त्यावरच ती बाई "करून दाखवा" म्हणाली.

परतीच्या बसमधी आईनं विचारलं, "देवाला मी फसवलं व्हय रं?"

दुसऱ्या दिवशी ती मुकाट विड्या वळत बसली. ओठ बंद, नमो मरिया न्हाय. सांजच्याला सुजलेल्या गुडघ्यांवर बसून माळ घेतली, उठताना मला धरावं लागलं. तवा माझं डोकं फिरलं.

सरांकडं गेलो. ते म्हणाले, "ती दुरुस्ती फाइलमध्ये घेतलीस ना?"

"न्हाय घेतली. घेणार न्हाय."

"टायपिस्ट आहेस तू."

"व्हय. म्हणूनच ठाऊक हाय. इंग्रजी पुस्तक शेजारी ठेवून टायपलंय मी, त्यात ही ओळ न्हाय. ही माझ्या आईची हाय, आणि तुम्ही नासवलीसा."

"कादंबरी आहे रे ती. इतकं काय मनाला लावून घेतोस?"

दुरुस्तीचा कागद टेबलावर ठेवला आणि निघालो. त्यांना दुसरा टायपिस्ट मिळंल. ओळ छापतीलबी. छापू देत. प्रकाशनाच्या दिवशी मी जाणार, मूळ इंग्रजी पुस्तक घेऊन. तेच पान काढून आधी त्यातलं वाचणार, मग सरांचं. मग आईचं खरं काय ते सांगणार. माईक दिला न्हाय तर उभ्यानं, मोठ्यानं. आईला पहिल्या रांगेत बसवून.