दहा एकसारख्या गाड्या

मी गावच्या शाळेत शिकवत होते आणि माझा नवरा आमच्या वाडीत, बावखलाच्या म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्याच्या काठी, पत्र्याच्या शेडमध्ये मोटरसायकली बनवत होता. बनवत म्हणजे इंजिन एका मोठ्या कंपनीचं, जुनं, भंगारातून आणलेलं. बाकी सांगाडा, टाकी, सीट सगळं त्याच्या हातचं. केळीचे घड लादूनसुद्धा वाळूत आणि चिखलात अडणार नाही अशी गाडी त्याने जमवली होती. टाकीवर तो आमच्या गावाचं नाव रंगवायचा. ऐंशीच्या आसपासची ही गोष्ट.

अशाच एका गाडीवर तो मोटोक्रॉसच्या शर्यतीत उतरायला लागला. मातीतल्या, उड्या घेत जायच्या त्या शर्यती. दोन-तीनदा बरा नंबर आला आणि त्याने ध्यास घेतला. राष्ट्रीय शर्यतीत देशी उत्पादकांच्या गटात उतरायचं, आणि गाडीचं नाव म्हणून तिथे आमच्या गावाचं नाव पुकारलं जायला हवं. बाकी कशाचीच त्याला हाव नव्हती, हे मी बायको असून सांगते.

नियमांची पुस्तिका इंग्रजीत, म्हणून माझ्याकडे आली. लहान उत्पादकाला अट अशी, की एकाच नमुन्याच्या दहा गाड्या बनवून विकलेल्या असाव्यात, आणि शर्यत भरवणाऱ्या संघटनेचा तपासनीस येऊन त्या बघणार. दहा तर त्याने केव्हाच विकल्या होत्या. कोणी केळीवाला, कोणी भाजीवाला, एक आचोळ्याचा दूधवाला, एक नायगावच्या मिठागरातला. मी म्हटलं, झालं तर मग, बोलावू या. तो काहीच बोलला नाही. मी त्याला घुम्या म्हणाले आणि पत्र टाकून मोकळी झाले.

पुढे सगळं माझ्यातल्या शाळेच्या बाईंनी हातात घेतलं. दुधाचे कॅन अडकवायचे आकडे, टोपल्यांचे कठडे काढायला लावले. दहाही गाड्यांना एकच हिरवा रंग मारून घेतला. गणवेश घातला की वर्ग एकसारखा दिसतो, एवढंच माझं ज्ञान. रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या पटांगणात गाड्या ओळीने उभ्या राहिल्या, तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

तपासनीस सभ्य माणूस होता. रंगाकडे त्याने बघितलंही नाही. खिशातून टेप काढून चाकापासून चाकापर्यंतचं अंतर, सीटची उंची, पाय ठेवायच्या दांड्या असं एकेक मोजत गेला. दहा गाड्यांची दहा मापं निघाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नवऱ्याची कामाची रीतच तशी होती. गिऱ्हाईक आलं की तो त्याला स्टुलावर बसवायचा, सुतळीने पाय आणि हात मोजायचा, गाठी मारून ती सुतळी खिळ्याला टांगायचा. मग त्या मापाने सांगाडा कापायचा, शिंप्याने सदरा बेतावा तसा. मी हे रोज बघत होते, आणि तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही. त्याला मात्र पहिल्यापासून माहीत होतं. माझा उत्साह बघून गप्प बसला, एवढंच.

तपासनीस म्हणाला, गाड्या उत्तम आहेत, पण हा एक नमुना नव्हे. सगळे सांगाडे एका मापाचे करून घ्या, पावसाळ्यानंतर मी पुन्हा येतो. तो गेल्यावर गाडीवाले आपसात बोलले आणि सगळे तयार झाले. मिठागरातल्या गड्याचा डावा पाय लहानपणापासून आखूड, म्हणून त्याच्या गाडीची डावी दांडी चार बोटं वर होती. तोही पुढे आला.

"भाऊ, माजी पन कापा," तो म्हणाला. "तुमचं नाव होतंय ना, मंग मी चालवीन कशी तरी."

नवऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि नाही म्हणून सांगितलं.

मी चिडले. यांच्या कापायच्या नसतील तर नव्या दहा कर, एका मापाच्या, असं सगळ्यांसमोर बोलले. त्याने शांतपणे विचारलं, "आणि एका मापाची दहा माणसं कुठून आणू?"

दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तो खुल्या गटाचा फॉर्म घेऊन आला. त्या गटात इंजिन ज्याचं, गाडी त्याची, असा नियम होता. तुझं अक्षर चांगलं आहे, तूच भर, म्हणाला. उत्पादकाच्या रकान्यात मी कंपनीचं नाव लिहिलं. शर्यतीच्या सकाळी त्याने टाकीवरच्या नावावर पांढरा कागद चिकटवला, कडा बोटाने नीट दाबून.

तो तिसरा आला. नखशिखांत चिखलाने माखून उतरला तेव्हा कंपनीचा कोणी साहेब लगबगीने आला, गाडीला हात लावून उभा राहिला आणि फोटो काढून घेतला. आयत्या बिळावर नागोबा. मला त्याचा राग आला होता, जाऊन चार शब्द सुनवायचे होते. तेवढ्यात लाउडस्पीकरवर निकाल सांगायला सुरुवात झाली. नवऱ्याने हेल्मेट काढलं आणि मान वर करून ऐकू लागला. कंपनीचं नाव पुकारलं गेलं. फॉर्मवर मी लिहिलं होतं, अगदी तसंच. मला रडू आवरेना.