पेणच्या कारखान्यातलं आरमार

आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही, आणि मीसुद्धा आजवर जे लिहिलं ते प्रॅक्टिकलच्या जर्नलात. तेव्हा एका जिवंत माणसावर लिहायला तू कोण, असं कोणी विचारलं तर त्याचं बरोबरच आहे. शिवाय ज्याच्यावर लिहितोय त्याचा मला फार हेवा वाटतो, आणि हेवा वाटणाऱ्याने चित्र काढलं की नाक थोडं वाकडं येतंच. तेवढं सांभाळून घ्यावं. पण एक गोष्ट मी ठामपणे सांगतो. समुद्रात एकदाही न जाता आपल्या नौदलाची जेवढी काळजी माझ्या पेणच्या मामेभावाने केली आहे, तेवढी खुद्द नौदलानेही केली नसेल.

मामाचा पेणला गणपतीचा कारखाना आहे आणि मामेभाऊ तिथे मूर्तींचे डोळे आखतो. बारावीला त्याचं आणि परीक्षेचं जमलं नाही. त्याच्या मते चूक परीक्षेची होती. एकदा मोबाइलवर त्याने बातमी पाहिली की नौदलाची गस्ती जहाजं जुनी झाली आहेत. ही जहाजं मोठ्या लढाईची नव्हेत. किनाऱ्यापासून लांब जाऊन आठवडेच्या आठवडे फिरत राहायचं, तस्करांवर, चाच्यांवर, हद्दीत शिरणाऱ्या बोटींवर नजर ठेवायची, हे त्यांचं काम. आता काही नवी बांधणार, जुन्यांना नवं रडार, नवी इंजिनं बसवणार, एवढीच ती बातमी. दुसरा कोणी असता तर पुढचा व्हिडिओ बघितला असता. याने ती बातमी घराचं छप्पर गळायला लागावं तशी मनाला लावून घेतली. त्या दिवसापासून पेणच्या बाजारात भाजी घेतानाही तो जहाजाविषयीच बोलतो.

"जुनं नवं करायचं म्हणजे काय रं?" बाप्पाच्या पापणीवरून ब्रश न उचलता तो मला विचारायचा. "रडार बदलतील, तोफ बदलतील. पन तो पोरगा महिनाभर पान्यात हाय, त्याची चड्डी वाळत घालायला दोरी हाय का? सांग ना. इंजिनियर हायस ना तू?" आमच्या अभ्यासक्रमात दोरी नव्हती. ड्रोन पाहिजेतच, असं त्याचं मत होतं, पण कबुतरांसारखी त्यांना घरी परतायची सवय लावली पाहिजे. आणि प्रत्येक जहाजावर एक झोपाळा. जहाज एका बाजूला हलणार, झोपाळा दुसऱ्या बाजूला, म्हणजे वर बसलेला माणूस जागच्या जागी आणि उलटी बंद. हे चूक आहे हे मला दिसत होतं. मी पुस्तकं काढून बसलो, आकृत्या काढल्या. अजून मला ते नीट खोडून काढता आलेलं नाही.

सुट्टीत मी पेणला गेलो की तो मला स्कूटरवर बसवून धरमतरच्या खाडीवर न्यायचा. तिथे माल भरलेले बार्ज संथ चाललेले असत. हा बांधावर उभा राहून प्रत्येकाची हजेरी घ्यायचा. "हा संशयास्पद. हा बरा. ह्याचा ड्रायव्हर झोपलाय." एकदा अलिबागच्या किनाऱ्यावरून फार लांब एक राखाडी ठिपका दिसला. तो गस्ती जहाजाचा होता की ढगाचा, देव जाणे. पण याने जागेवर उभ्याउभ्या त्या ठिपक्याचे दोष काढले. पहिला दोष रंगाचा. राखाडी हा रंगच नव्हे, तो रंगाच्या आधीचा अस्तराचा हात आहे, असं त्याचं म्हणणं.

मला जळवायचं ते हे बोलणं नव्हतं. तो चुकीचं बोलत असला तरी सगळे त्याच्याकडे तोंड करून बसायचे, त्यावर मी जळायचो. आम्ही रोह्याजवळ वरशाला राहतो. बाबा डोलवीला पोलादाच्या कंपनीत ठेक्यावर आहेत. माझ्या कॉलेजाबद्दल काय विचारायचं ते त्यांना कळत नाही, म्हणून ते "जेवलास का?" विचारतात. मी पोलादाच्या प्रकारांवरचा माझा प्रोजेक्ट त्यांना दाखवला होता. त्यांनी पानं उलटली, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "छान बांधलाय." म्हणजे बाइंडिंग. आणि हा मामेभाऊ रविवारी आला की तेच बाबा शर्ट घालून ओटीवर येऊन बसत.

"काय रं, नेव्हीचं काय चाललंय?"

"आतोबा, जहाजाला पत्रा लागतो तो तुमच्यासारख्यांच्याच हातचा. ठाऊक हाय ना?"

"काय सांगतोस! आमच्या?"

"मग? तुम्ही शिफ्टला दांडी मारलीत की तिकडं गस्त थांबली समजा."

त्यानंतर बाबा अंगात ताप असतानाही कामावर गेले. देशाचा प्रश्न होता. आईचं तर विचारूच नका. तो तिच्या भावाचा मुलगा. घरात इंजिनियर होणार मी, पण कालवणातल्या जिताडा माशाचं डोकं त्याच्या ताटात. मी नुसतं बघितलं तरी ती म्हणायची, "बघतोस काय? तो बोलतो कसा बघ. तुझं कॉलेज तुला बोलायला शिकवत नाय व्हय?" आणि तो तोंडात काटा धरून म्हणायचा, "आत्या, त्याला बोलू नको गो. तो मनात हिशेब करतो. त्याच्यासारख्यांमुळंच जहाजं तरंगतात." माणसाचा हेवा करायचा तर तो निदान वाईट तरी असावा. तेही सुख त्याने मला दिलं नाही.

माझं शेवटचं वर्ष चालू असताना, जुन्या गस्ती जहाजांचं काम हाती घेतलेल्या एका गोदीने निवडचाचणी ठेवली. डिझाइन विभागात शिकाऊ इंजिनियर हवे होते आणि मॉडेलच्या वर्कशॉपसाठी हाताचे कारागीर. दोघांची परीक्षा एकाच दिवशी, एकाच हॉलमध्ये. जुन्या जहाजात तुम्ही काय सुधाराल, ते छोट्या मॉडेलवर दाखवायचं. मला ती डिझाइनची जागा हवी होती. पगारासाठी हवी होतीच. पण त्याहून, एकदा तरी बाबांनी ओटीवर शर्ट घालून बसावं आणि माझ्याकडे वळून विचारावं, "काय रं, जहाजाचं काय चाललंय?" म्हणून हवी होती. मी थर्माकोलचं जहाज केलं. मापात, काटेकोर, मागच्या बाजूला ड्रोन उतरवायची जागा. एसटीच्या धक्क्यांत ते मोडेल म्हणून मामेभावाला स्कूटर घेऊन बोलावलं. तो आला तर स्कूटरच्या पुढ्यात त्याचंही टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. "सहज केलं रं," तो म्हणाला. "कारागिरांत नाव देतो. तुला सोबत."

टॉवेल उघडल्यावर हॉलमधले लोक त्याच्या टेबलाभोवती जमले. जहाजावर झोपाळा होता. तोफेपासून शिडापर्यंत दोरी होती. या जहाजांना शीड नसतं, हे मी त्याला स्कूटरवरच सांगितलं असतं, त्याने दाखवलं असतं तर. दोरीवर कपडे वाळत होते. बोटाएवढे खलाशी होते, एक जेवत होता, एक दुसऱ्याला ओरडत होता, एक पायरीवर बसून होता. आणि जहाजाच्या तोंडावर दोन्ही बाजूंना दोन मोठे डोळे. गणपतीचे डोळे. गुलाबी कडा, लांब पापण्या, इतकी माया की असल्या जहाजाने तस्कराला पकडलं नसतं, पोटाशी धरलं असतं.

पांढऱ्या मिशांचे एक निवृत्त अधिकारी तपासायला आले. "हे डोळे कशाला?"

"साहेब, आमच्या पेनात डोळे आखल्याबिगर काय बाहेर जात नाय. बिनडोळ्याचं कोन नेतं? आनि हे तर पहाऱ्यावर जानार."

"पण एवढ्या पापण्या?"

"हात तिकडंच जातो, साहेब. सवय."

साहेब मोठ्याने हसले, हॉल हसला, मीही हसलो. आत कुठेतरी बरं वाटलं, हे लपवत नाही. मग ते वाकले आणि पायरीवरच्या खलाशाकडे बोट दाखवून म्हणाले, "हा असा का बसलाय?"

"त्याची रजा ठरलेली, साहेब. ऐन वेळी रद्द झाली. जाऊ दे, बसू दे त्याला थोडा वेळ."

साहेबांचं हसणं थांबलं. चष्मा काढून ते त्या बोटाएवढ्या माणसाकडे बराच वेळ बघत राहिले. माझ्या टेबलाशी आले तेव्हा म्हणाले, "मापं बरोबर आहेत," आणि पुढे गेले. परतीच्या वाटेवर वडखळला चहा पिताना मामेभाऊ टपरीवाल्याला सांगत होता, "याचं जहाज खरं, माझं खेळनं." मला तो चहा गोड लागला नाही.

मला नकार लवकर आला, दोन ओळींचा. आईला सांगितलं, ती म्हणाली, "असू दे, जेवून घे." मामेभावाला सांगू नको, असं मी तिला बजावलं. कारागिरांचं काहीच कळलं नाही. पाऊस लागला, नागोठण्याला आंबा नदी पुलाला टेकून उतरली, पेणात गणपतीची घाई सुरू झाली. आणि त्या घाईत तो जहाजांविषयी बोलायचा थांबला. बाबांनी ओटीवरून विचारलं तर म्हणाला, "चाललंय आतोबा, त्यांचं ते बघतील." खाडीवर गेलो तर बार्ज मोजेना. माझ्या मनासारखं झालं होतं, आणि मला घरात करमेना.

मग एका दुपारी माझ्या फोनवर गोदीतून बाईंचा आवाज आला. क्षणभर मला वाटलं, माझंच. त्यांनी मामेभावाचं नाव घेतलं. रंगाच्या हाताने फोन उचलता येत नाही म्हणून या गृहस्थाने माझा नंबर दिला होता. मॉडेलच्या वर्कशॉपमध्ये निवड झाली होती. मी "हो" म्हणालो, "कळवतो" म्हणालो. तिथूनच पेणला फोन लावणार होतो, पण तोही त्याने उचलला नसता. रोह्याच्या स्टँडवर जाऊन एसटीत बसलो. रस्ताभर स्वतःला चाचपून पाहत होतो. हेवा जागेवर होता, कुठे गेला नव्हता. पण गाडी थांबली की मलाच घाई होत होती.

कारखान्यात तो मूर्तींच्या रांगेत उकिडवा बसला होता, दातांत ब्रश धरून. मला बघून त्याने भुवया उडवल्या.

"गोदीतून फोन आला," मी म्हणालो.

ब्रश खाली आला. त्याचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. उठून त्याने रंगाच्या हातांनीच माझे दोन्ही खांदे धरले.

"झालं? आपलं झालं?"

"तुझं झालं," मी म्हणालो. "तुला बोलावलंय."