तीस दिवसांचं धान्य

तारीख सात डिसेंबर, रविवार. रक्कम दहा हजार रुपये, आगाऊ. हजर: माझे वडील, मी, माझी बायको आणि टिटवाळ्याच्या वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक. खोली एक जानेवारीपासून मिळणार होती. पावती वडिलांनी मागून घेतली आणि स्वतःच्या खिशात ठेवली, कारण जायचं त्यांनीच ठरवलं होतं.

आम्ही नको म्हणत होतो. पण दिवाळीत ते बाथरूममध्ये पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि दिवसभरासाठी एक मावशी ठेवाव्या लागल्या. आमच्या डोंबिवलीच्या घरात महिनाअखेरीला जेवणाच्या टेबलाशी घरखर्च मोठ्यानं वाचायची पद्धत आहे. ती वडिलांनीच लावलेली. नोव्हेंबरचा खर्च मी नेहमीसारखा वाचला. दूध, वीज, मेंटेनन्स, मावशींचा पगार. एवढ्यावर वडील म्हणाले, "टिटवाळ्याला सोय चांगली आहे म्हणतात." त्या दिवसापासून त्यांचं जेवणही कमी झालं. दोन पोळ्यांची एक, पुढे अर्धी. विचारलं तर म्हणायचे, "हालचाल नाही, तर भूक कुठून लागणार?"

काचबिंदूमुळे त्यांना वाचता येत नाही. माजिवड्याच्या ऑफिसातून घरी आलो की मी त्यांना अर्धा तास वाचून दाखवतो. मराठ्यांच्या लढायांवरच्या सगळ्या कादंबऱ्या संपल्या होत्या. "लढायांचंच काहीतरी द्या," असं वाचनालयातल्या बाईंना सांगितलं, तर त्यांनी एका रोमन सेनापतीनं स्वतःच्या मोहिमांबद्दल लिहिलेल्या पुस्तकाचा जुना मराठी अनुवाद काढून दिला. बांधणी सुटलेली, पण छपाई स्वच्छ.

मी हिशेबातला माणूस. मला पहिल्या दिवसापासून शंका.

"लढला हाच, लिहिलं यानंच, शत्रूची प्रेतंही यानंच मोजली. ऑडिट कुणी केलं?"

"ते राहू दे रे," वडील म्हणाले. "धान्याचं वाच."

कारण हा सेनापती पानापानावर धान्याची चिंता करतो. गहू कुठून येणार, कापणीला अवकाश किती, गाड्या अडकल्या कुठे. वडिलांनी नोकरीची सगळी वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या कँटीनची कोठी सांभाळली. ते उशीला टेकून डोळे मिटून ऐकायचे आणि मधेच म्हणायचे, "याला कळतं हं. कोठी सांभाळलेला माणूस आहे हा."

"बाबा, त्या परक्या माणसाच्या गव्हाची एवढी काळजी," बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "आणि माझी पोळी मात्र परत पाठवता."

यावर ते नुसते हसायचे.

पुस्तकाच्या शेवटाकडे मोठा वेढा आहे. डोंगरावरच्या गावात शत्रूचं सैन्य कोंडलेलं, खाली चहूबाजूंनी रोमन खंदक. आत धान्य जेमतेम तीस दिवसांचं. वाचण्याआधी पुढची पानं चाळून ठेवायची मला सवय आहे, म्हणून पुढे काय येतंय ते दुपारीच कळलं होतं. धान्य संपत येतं तेव्हा आतले लोक लढू न शकणाऱ्यांना गावाबाहेर काढतात. ती माणसं त्याच गावची, बायकामुलांसकट. ती रोमनांच्या खंदकापाशी येऊन रडतात, गुलाम करा पण खायला द्या म्हणतात. सेनापती पहारे लावतो आणि त्यांना आत घेत नाही. हे त्यानं दोन-चार ओळींत लिहिलंय. त्या माणसांचं पुढे काय झालं, ते लिहिलेलंच नाही.

हे मला वडिलांना वाचून दाखवायचं नव्हतं. ते पान उलटून मी थेट बाहेरून मदतीची फौज आली तिथे गेलो.

"थांब," वडील म्हणाले. "ही फौज तीस दिवसांच्या मुदतीत आली?"

"नाही. मुदत उलटून गेल्यावर."

"धान्य तीस दिवसांचं. मुदत उलटली. खाणारी तोंडं तेवढीच. मग आत खात काय होते?"

"काटकसर केली असेल."

"काटकसरीनं फार तर दोन-तीन दिवस निघतात. तू काहीतरी गाळलंस. मागे जा."

मागे जाऊन वाचलं. बायको हातातलं लाटणं घेऊन दारात येऊन उभी राहिली.

"किती होते बाहेर काढलेले?" वडिलांनी विचारलं.

"आकडा नाही दिलेला."

"बाकी सगळं मोजलं त्यानं." ते उशीवरून उठून बसले. मग म्हणाले, "आमच्याकडे गेटवरून हजेरी आल्याशिवाय तांदूळ धुवायचा नाही, असा नियम होता. पण हजेरी आली की मी दहा माणसांचा वर टाकायचो. ट्रकवाला, कुणाचा भाऊ, नोकरी मागायला आलेला. कोण ते माहीत नसायचं, पण कुणीतरी यायचंच."

"मग या घरच्या हजेरीतून स्वतःचं नाव का कापलंत?" बायको म्हणाली. "मी रोज तुमच्या दोनच्या दोन पोळ्या करते. उरलेल्या दुसऱ्या दिवशी यांच्या डब्यात जातात. विचारा."

हे खरं होतं. महिनाभर मी ऑफिसात शिळ्या पोळ्या खात होतो.

मी म्हणालो, "बाबा, मावशींचा पगार मी खर्च म्हणून वाचला. तक्रार म्हणून नाही."

"कळतं रे. वाचायला मीच शिकवलंय तुला."

एवढंच बोलणं झालं. ते वॉकर धरून टेबलाशी आले. पहिली पोळी संपली तशी त्यांनी ताट पुढे केलं आणि सुनेला म्हणाले, "आमटी वाढ गं. आणि याला उद्या ताज्या पोळ्या दे." हात धुऊन झाल्यावर मला म्हणाले, "कोटाच्या आतल्या खिशात पावती आहे. काढून घे."

टिटवाळ्याला मीच जाऊन आलो. व्यवस्थापकांनी नियमाप्रमाणे एक हजार कापले आणि नऊ हजार परत दिले. त्यातून मावशींना डिसेंबरचा पगार दिला. महिनाअखेरीला सगळा खर्च वडिलांनीच म्हणून दाखवला, माझ्याकडून ऐकून पाठ करून ठेवला होता. मावशींचा पगार दूध आणि वीज यांच्या मधे. वडिलांना शेवट पुन्हा एकदा ऐकायचा होता म्हणून पुस्तक मुदतीबाहेर आठवडाभर घरी राहिलं. त्याचा दंड चौदा रुपये, वाचनालयातल्या बाईंना रोख दिला.