पडायला न शिकवलेलं वर्ष

माझा स्वभाव तिखट. लातूरजवळच्या मुरुडच्या तालमीत पोरं मला टरकून असायची आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? शिकवायची माझी रीत ठरलेली. आधी दोन महिने नुसतं पडणं. पाठीवर, कुशीवर, हनुवटी छातीला लावून. मग उभ्यानं कुस्ती, आणि सगळ्यात शेवटी खालची, म्हणजे जमिनीवरची धरपकड. "वस्ताद, किती दिस निस्तं पडायचं?" पोरं कुरकुरायची. एक धपाटा घातला की गप्प.

लातूर जिल्हा उस्मानाबादपासून वेगळा झाला आणि पावसानं पाठ फिरवली. हौद्यातली, म्हणजे आखाड्यातली माती भिजवायला पाणी लागतं. इथं बाया हंडे घेऊन टँकरमागं पळत होत्या, तर मातीत कोण ओतणार? हौदा फरशीसारखा टणक झाला. त्यात नव्या जिल्ह्याच्या संघाची पहिली निवड जाहीर झाली. आजवर आम्ही उस्मानाबादच्या पोरांच्या मागं उभे. आता आपला संघ, आपलं नाव! मला चेव चढला. पडणं बंद, उभ्यानं कुस्ती बंद. सतरंज्या अंथरल्या आणि चार महिने नुसती खालची कुस्ती घेतली.

त्याच वर्षी एक नवा गडी आला. विशीतला, तेलाच्या घाण्यावर कामाला. त्यानं एकदा खाली धरलं की सुटणं न्हाई. लई जीव होता माझा त्याच्यावर.

निवडीत त्याच्यासमोर उदगीरचा उंच पैलवान आला. त्यानं कुस्ती खाली जाऊच दिली नाही. हात धरला, खांद्यावर घेतलं आणि आपटलं. माझ्या गड्यानं पडताना हात टेकवला. आवाज मी ऐकला. भाकरी मोडतानाही तो मला अजून ऐकू येतो, आणि घास तसाच राहतो.

मान वाचली. उजवा हात मात्र खांद्याच्या वर पुन्हा कधी गेला नाही. घाण्याचं काम सुटलं.

माती टणक होती, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरंच होती. पण मांजरा नदी कोरडी पडलेली होती ना! गाडीभर वाळू आणून तिच्यावर पडणं घेता आलं असतं. सुचलं नव्हतं म्हणावं, तर तेही नाही. सुचलं होतं. दोन महिने वाया जातील म्हणून मी आणली नाही. मला पहिल्या संघात माझा माणूस हवा होता.

पुढं बऱ्याच वर्षांनी तो तालमीत आला. सोबत दहा-बारा वर्षांची लेक. वाटलं, आज हा जाब विचारणार.

डाव्या हातानं त्यानं माझे पाय धरले. "वस्ताद, हिला कुस्ती शिकायची हाय. पडायचं तेवढं पक्कं करून घ्या," तो म्हणाला. मग लेकीकडं वळून सांगायला लागला, "वस्तादांनी मलाबी शिकवलं व्हतं गं. माझंच ध्यान न्हवतं. लोकं ह्यांना बोलायची, तर मी भांडायचो. म्हनायचो, वस्तादांची चूक न्हाई."

इतकी वर्षं हा माणूस माझ्यासाठी भांडत होता. पोरगी माझ्या तोंडाकडं बघत उभी होती. सांगून टाक, मी स्वतःला म्हटलं, आत्ता सांगून टाक.

"व्हय," मी तिला म्हणालो. "ध्यान पाहिजे."